५जीच्या रॉयल्टीवर चालणारी कंपनी शेअर घेण्याआधी कशी तपासावी

"मामा, आता खानापुरातबी ५जी लागतंय की. क्वालकॉमचे शेअर घिऊया काय?" उद्यमबागेत कामाला जाणाऱ्या भाच्यानं विचारलं. भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, तेव्हापासून हा प्रश्न बेळगावात बऱ्याच जणांकडून ऐकतोय. क्वालकॉम ही मोबाईलच्या चिप विकणारी आणि ५जीच्या पेटंटवर पैसे घेणारी अमेरिकी कंपनी. टॉवर वाढले की रॉयल्टी, म्हणजे पेटंट वापरल्याबद्दल द्यायची रक्कम, वाढते, असा समज असतो. पण ही रॉयल्टी मुख्यतः हँडसेटवर बसते.

म्हणून आधी एका फोनचा हिशेब मांडा. क्वालकॉमचा जाहीर दर ३जी-४जी-५जी चालणाऱ्या फोनला विक्री किमतीच्या ३.२५ टक्के. ही किंमत दुकानातली नव्हे, फोन बनवणाऱ्या कंपनीची, आणि तीही ४०० डॉलरपर्यंतच धरतात. १२,००० रुपयांना कंपनीतून निघालेल्या फोनवर ३९० रुपये होतात. लाखाच्या फोनवरही १३ डॉलरच. नोकियाचा जाहीर दर फोनमागे जास्तीत जास्त ३ युरो. प्रत्यक्षात करार घासाघीस करूनच ठरतात. तेव्हा खडेबाजारात महागडे फोन किती खपतात यापेक्षा एकूण ५जी फोन किती विकले गेले, ते बघा.

मग कंपनीचा 'टेन-के' हा वार्षिक अहवाल उघडा. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाच्या 'एडगर' साइटवर तो फुकट मिळतो. क्वालकॉममध्ये चिप विकणारा विभाग क्यूसीटी, पेटंटचा क्यूटीएल. दोन्ही वेगळे वाचा.

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या तो थकबाकीला. कारखान्यानं दोन हंगामांचं अडकलेलं ऊस बिल एकदम जमा केलं, म्हणून यंदा शेतात ऊस जास्त पिकला असं चिकोडीचा शेतकरी म्हणणार नाही. रॉयल्टीचंही तसंच. एप्रिल २०१९ मध्ये ॲपल आणि क्वालकॉमचा रॉयल्टीवरचा तंटा मिटला. त्या एप्रिल-जून तिमाहीत क्वालकॉमचं उत्पन्न ९.६ अब्ज डॉलर दिसलं, त्यातले ४.७ अब्ज या तडजोडीचे! पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत ४.९ अब्ज आले. नुसते आकडे बघणाऱ्याला धंदा निम्म्यावर आला असं वाटलं असतं. इंटरडिजिटल ही दुसरी पेटंट कंपनी अशी मागची वसुली 'कॅच-अप' म्हणून वेगळी दाखवते. तुम्ही दरवर्षी येणारी रक्कमच धरा.

करार कधी संपतो तेही टिपून ठेवा. ॲपलचा क्वालकॉमशी पेटंटचा करार मार्च २०२७ पर्यंतचा आहे. ॲपलनं २०२५ मध्ये स्वतःचा मॉडेम (फोनला नेटवर्कशी जोडणारी चिप) काढला; ज्या फोनात तो बसतो त्यातली क्वालकॉमच्या चिपची विक्री जाते, पेटंटची देणी मात्र आपोआप मिटत नाहीत. हा फरक भाच्याला मी दोनदा समजावला.

आता पैसे. भारतातून वर्षाला २,५०,००० डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. अमेरिकी कंपनीच्या लाभांशावर तिथंच २५ टक्के कर कापतात. आणि आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं 'शेड्यूल एफए' भरा, वर्षभरात एकही शेअर विकला नसला तरी.