पुंगळ्या चमकवायच्या नादात वाट लागते, या चुका टाळा

पुंगळी म्हटलं की आपल्याला पेपरातली "घटनास्थळी दोन रिकाम्या पुंगळ्या सापडल्या" ही ओळ आठवते. इथे टेक्सासमध्ये शूटिंग रेंजवर लोक त्याच पुंगळ्या वाकून वाकून वेचत असतात, कारण रीलोडिंग करणाऱ्याला, म्हणजे रिकाम्या पुंगळीत नवी दारू-गोळी भरून काडतूस बनवणाऱ्याला, पितळेची पुंगळी परत परत वापरता येते. (भारतात याच्या नादी लागू नका, लायसन्सशिवाय काडतूस बनवणं आर्म्स ॲक्टखाली गुन्हा आहे. हे सगळं अमेरिकेतल्या मंडळींसाठी.)

पहिली चूक म्हणजे घरी आल्या आल्या सगळा ढीग टंबलरमध्ये (पुंगळ्या फिरवून घासणारं यंत्र) ओतणं. 9 एमएमची पुंगळी तिच्याहून जाड .40 मध्ये शिरते, ती .45 मध्ये, आणि तासाभराने बघावं तर बाहुलीत बाहुली तसं होऊन बसलेलं, मधे चिखल, सुटता सुटत नाही. आधी वेगळ्या करा, लोहचुंबक फिरवून स्टीलच्या बाजूला काढा, आणि आत एखादं जिवंत काडतूस नाही ना हे बघाच. आत टॉर्च मारून एकाच्या जागी दोन छोटी भोकं दिसली तर ती बर्डन प्रकारच्या प्रायमरवाली (प्रायमर म्हणजे बुडातली ठिणगी देणारी टिकली), तो ढकलून काढणारी डीकॅपिंग पिन तुटेल, ठेवू नका.

वेट टंबलिंग, म्हणजे पाण्यात स्टीलच्या बारीक पिना घालून घासणं, करत असाल तर जुना प्रायमर आधी काढा. नाहीतर पॉकेटमधली (प्रायमर बसतो त्या खळग्यातली) काजळी तशीच राहते आणि वर पाणी अडकून बसतं ते वेगळंच.

आता ॲसिड. माझा पहिला घाणा वाया गेला तो इथेच. एक गॅलन पाणी, पाच पौंड स्टीलच्या पिना, दोन पौंड पितळ, थोडा भांड्यांचा लिक्विड सोप आणि पाव चमचा सायट्रिक ॲसिड, एवढं पुरतं. मी म्हटलं आई तांब्या-पितळेला चिंच कशी सढळ हाताने लावते, तर टाकले दोन चमचे आणि वर रात्रभर फिरवत ठेवलं. सकाळी पुंगळ्या गुलाबी! काडतुसाचं पितळ म्हणजे साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त, ॲसिड जास्त झालं की वरच्या थरातलं जस्त निघून जातं आणि तांबं उघडं पडतं. शिवाय इतका वेळ एकमेकांवर आपटून तोंडाच्या कडा चेपल्या त्या वेगळ्या. हलका गुलाबीपणा नुसता वरचाच असतो, पण माझ्या खूपच लाल झाल्या होत्या, सरळ भंगारात. तीन-चार तास भरपूर झाले, मग साध्या पाण्याने दोनदा खळखळून धुवायचं, त्याच घाण पाण्यात ठेवल्या तर परत काळ्या पडतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक अमोनियाची. काही मेटल पॉलिशमध्ये आणि काचा पुसायच्या लिक्विडमध्ये अमोनिया असतो, चमक झकास येते, पण ताण असलेल्या पितळेला तो आतून तडे पाडतो. आणि गंमत म्हणजे ही भानगड आपल्याकडेच लक्षात आली! इंग्रजांच्या काळात भारतात पावसाळ्यात मोहिमा थंडावायच्या, काडतुसं घोड्यांच्या तबेल्यात ठेवायचे, आणि पाऊस संपल्यावर काढली की पुंगळ्या तडकलेल्या. म्हणून नाव पडलं सीझन क्रॅकिंग. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे कारण 1921 मध्ये उलगडलं. तेव्हा बाटलीवरचं लेबल वाचा.

वाळवताना घाई नको. ओव्हनमध्ये तापमान चढलं तर पितळ मऊ पडतं, आणि बूड मऊ पडलेली पुंगळी फायर करणं म्हणजे थेट धोका. 200 फॅरनहाइटच्या वर जाऊच नका, किंवा माझ्यासारखं टॉवेलवर पसरून उन्हात टाका, इथलं ऊन कधी कामाला येणार! आणि स्वयंपाकाचा ओव्हन, चाळणी, चमचा यातलं काहीच वापरू नका, प्रायमरच्या काजळीत शिसं असतं. कॉर्नकॉब (मक्याच्या कणसाचा गाभा) नाहीतर अक्रोडाच्या टरफलाच्या भुशाचं ड्राय टंबलिंग तर घराबाहेरच करा, भुसा चाळताना जी धूळ उडते तीच खरी वाईट, पोरांना जवळ येऊ देऊ नका.

.223 सारख्या गळ्यात निमुळत्या रायफलच्या पुंगळीत दोन पिना शेजारी शेजारी अडकून बसतात, हलवून आवाजही येत नाही. म्हणून प्रत्येकीत टॉर्च मारून बघायचं. कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही.

रायफलच्या पुंगळीवर बुडाच्या जरा वर गोल फिरलेली चकचकीत रेघ दिसली की सावध व्हा. पेपरक्लिप सरळ करून तिचं टोक वाकवा आणि आतून बुडाकडून वर ओढत आणा, खाचेत अडकल्यासारखं लागलं तर तिथे पितळ पातळ झालंय, पुढच्या वेळी तिथूनच दोन तुकडे होणार. अशी पुंगळी सोन्यासारखी चमकत असली तरी पक्कडीने चेपून मगच भंगाराच्या डब्यात टाका, मी एकदा न चेपता टाकली आणि आठवड्याने तीच परत ढिगात सापडली.