थरांचे फ्रूट-क्रीम पुडिंग बिघडते कुठे? या चुका टाळा

काचेच्या भांड्यात रचलेले थर एकमेकांत मिसळले आणि तळाशी पाणी साचले, की दोष क्रीमच्या ब्रँडला दिला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा थर रचायला घेण्यापूर्वीच बिघाड झालेला असतो.

सर्वांत अधिक दिसणारी चूक म्हणजे ताजे अननस. आमच्या वहिनींनी एका समारंभासाठी आदल्या रात्री स्पंज केक, अननसाच्या ताज्या फोडी, जिलेटिनची जेली आणि क्रीम असे थर मोठ्या हौसेने रचले होते. सकाळी जेली पातळच होती. जिलेटिन कमी पडले असे समजून त्यांनी जास्त जिलेटिन घालून, त्याच फोडी वापरून सर्व पुन्हा केले. तरीही जेली धरली नाही, शिवाय क्रीमला कडवट चव आली. प्रमाण वाढवून हा दोष जात नाही, कारण न शिजवलेल्या अननसातील ब्रोमेलेन हे विकर (एन्झाइम) प्रथिनांचे तुकडे करते, आणि जिलेटिन हे प्रथिनच आहे. क्रीममधील दुधाची प्रथिनेही त्यातून सुटत नाहीत; कडवटपणा येतो तो त्यामुळेच. किवी आणि कच्ची पपई यांचेही तसेच आहे. उष्णतेने हे विकर निष्प्रभ होते, म्हणून मी फोडी साखरेच्या पाण्यात काही मिनिटे उकळून, निथळून, पूर्ण गार करून वापरते. डबाबंद अननस आधीच तापवलेले असल्यामुळे तेही चालते. जेलीसाठी जिलेटिनऐवजी अगर-अगर (समुद्री शेवाळापासून मिळणारा, प्रथिन नसलेला घट्ट करणारा पदार्थ) घेतल्यास ती सेट होते, परंतु क्रीम कडू व्हायचे ते होतेच, त्यामुळे हा उपाय अर्धवट आहे.

दुसरी चूक उष्णतेची. ‘कस्टर्ड कोमटच आहे, चालेल,’ असे म्हणून त्यावर फेटलेले क्रीम पसरणाऱ्यांना मी आग्रहाने सांगते, की ते चालत नाही. क्रीम फेटताना हवेचे बुडबुडे स्निग्धांशाच्या घट्ट कणांनी धरून ठेवलेले असतात. ऊब लागली की ते कण मऊ होतात, हवा निसटते आणि थर खचतो. म्हणून कस्टर्ड मी आदल्या दिवशीच करते आणि साय धरू नये म्हणून त्याच्या पृष्ठभागाला चिकटेल असा प्लास्टिकचा कागद लावून फ्रीजमध्ये ठेवते. क्रीम, भांडे आणि बीटरची पाती हे सर्व थंडगार हवे. क्रीममध्ये किमान ३० टक्के, शक्यतो ३५ टक्के स्निग्धांश असावा. त्याहून बऱ्याच पातळ क्रीमला कितीही फेटले तरी ते उभे राहत नाही. फेटताना पात्यावर मऊ शेंडा उभा राहून टोकाशी किंचित वाकला, की थांबावे, कारण पसरतानाही ते आणखी घट्ट होते. त्यापुढे फेटत राहिल्यास ते रवाळ होते आणि शेवटी लोणी निघते.

फळांवर आधी साखर घालून ठेवू नये. साखर फळांतील पाणी बाहेर ओढते आणि तेच पाणी तळाशी जमते. साखर घालून झालीच असेल, तर फोडी चाळणीत निथळाव्यात आणि सुटलेला रस केक भिजवण्यासाठी बेताने वापरावा. सफरचंद व केळे चिरताच त्यांना लिंबाचा रस लावावा. कॉर्नफ्लोअरचे कस्टर्ड उकळी आल्यावरही मिनिटभर ढवळत शिजवावे, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते.

लवकर सेट व्हावे म्हणून भांडे फ्रीझरमध्ये ठेवण्याचा झटपट मार्ग मला मुळीच मान्य नाही. गोठलेले कस्टर्ड वितळताना पाणी सोडते, फळे लिबलिबीत होतात, आणि वाचवलेल्या तासाच्या बदल्यात सगळे भांडे वाया जाते. फ्रीजमध्ये किमान ४ तास द्यावेत, रात्रभर दिल्यास उत्तम. जेली पूर्ण धरल्याशिवाय तिच्यावर पुढचा थर घालू नये, आणि सजावटीची फळे वाढण्याच्या अगदी आधी ठेवावीत.