गोल्फचा आंतरराष्ट्रीय संघ कसा निवडला जातो, आणि निवडीची यादी कशी वाचावी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील क्रीडारसिकाला संघनिवड म्हटले की निवड चाचणी आठवते. कुस्तीत आखाड्यात निकाल लागतो, कबड्डीत मैदानावर खेळवून पाहिले जाते, आणि साताऱ्याच्या अदिती स्वामीला किंवा फलटण तालुक्यातील सरडे गावच्या प्रवीण जाधवला भारतीय तिरंदाजी संघात येण्यासाठी ठरलेल्या दिवशी नेम साधून दाखवावा लागतो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी निवडीवरून दाद मागावी लागली होती, हेही आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे निवडीचे नियम आधीच नीट वाचून ठेवावेत, हे इथल्या पालकांना आणि क्रीडाशिक्षकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. गोल्फमध्ये मात्र हे नियम वाचण्याची पद्धत वेगळी आहे, कारण वरच्या पातळीवर एका दिवसाची चाचणी जवळजवळ नसतेच. तेथे दीड-दोन वर्षांच्या कामगिरीतून एक यादी तयार होत जाते, आणि त्या यादीतून किंवा तिच्या आधाराने संघ निघतो.

म्हणून सर्वप्रथम एवढेच विचारावे, की स्पर्धा कोणती आणि तिच्यासाठी कोणती यादी धरली जाते. ऑलिंपिकसाठी जागतिक क्रमवारीवरून केलेली यादी असते. रायडर कप, सोल्हाइम कप आणि प्रेसिडेंट्स कप या दोन संघांमधील लढतींसाठी काही खेळाडू यादीतून आणि उरलेले कर्णधाराच्या पसंतीने येतात. हौशी खेळाडूंच्या जागतिक सांघिक स्पर्धेसाठी प्रत्येक देशाची गोल्फ संघटना आपला संघ पाठवते. ज्याला हा फरक कळला नाही, त्याला ‘अमुक खेळाडू इतका चांगला असून संघात का नाही’ या प्रश्नाचे उत्तर कधीच मिळत नाही.

जागतिक क्रमवारीचे गणित आधी समजून घ्यावे. पुरुषांची क्रमवारी १९८६ पासून आहे. मान्यताप्राप्त स्पर्धेत मिळालेले गुण पहिले १३ आठवडे पूर्ण धरले जातात आणि त्यानंतरच्या ९१ आठवड्यांत समान हप्त्यांनी कमी होत दोन वर्षांनी शून्यावर येतात. उरलेल्या गुणांची बेरीज त्या दोन वर्षांत खेळलेल्या स्पर्धांच्या संख्येने भागली जाते, परंतु हा भाजक ४० पेक्षा कमी धरला जात नाही. त्यामुळे दोन वर्षांत २५ स्पर्धा खेळलेल्या खेळाडूच्या गुणांनाही ४० ने भागावे लागते, आणि दुखापतीने किंवा पैशांअभावी घरी बसलेल्या खेळाडूचा क्रमांक त्याचा खेळ न बिघडताही घसरतो. महिलांच्या क्रमवारीतही दोन वर्षांचाच हिशेब असून किमान भाजक ३५ आहे. आपल्याकडच्या खेळाडूंसाठी प्रवासाचा आणि प्रायोजकाचा प्रश्न किती निर्णायक ठरतो, ते या एका भाजकावरून कळते, आणि मला ही बाब या साऱ्या व्यवस्थेतली सर्वांत कठोर वाटते. दुसरी गोष्ट अशी, की गुण फक्त मान्यताप्राप्त स्पर्धांनाच मिळतात. २०२२ मध्ये सुरू झालेल्या लिव्ह गोल्फ या नव्या व्यावसायिक मालिकेत गेलेल्या खेळाडूंना तेथील स्पर्धांचे गुण सुरुवातीची काही वर्षे मिळाले नाहीत, आणि भारताचा अनिर्बन लाहिरी त्याच काळात क्रमवारीत बराच खाली गेला.

आता ऑलिंपिकची यादी स्वतः तयार करून पाहावी. पुरुषांसाठी ६० आणि महिलांसाठी ६० जागा असतात. मुदतीच्या दिवशीची क्रमवारी समोर ठेवून वरून सुरुवात करावी. पहिल्या १५ क्रमांकांतील सर्व खेळाडू घ्यावेत, मात्र एका देशाचे चार झाले की त्या देशाचा पाचवा खेळाडू खोडावा. सोळाव्या क्रमांकापासून पुढे ज्या देशाचे दोन खेळाडू आधीच आले आहेत, त्या देशाचे पुढचे सर्व खेळाडू खोडत जावे आणि ६० भरेपर्यंत खाली उतरावे. यजमान देशाला एक जागा आणि प्रत्येक खंडाला किमान एक जागा राखून दिलेली असते, परंतु बहुतेक वेळा तेवढे खेळाडू नेहमीच्या मार्गानेच आलेले असतात.

या खोडण्याचा परिणाम किती मोठा असतो, हे पॅरिस २०२४ च्या वेळी दिसले. अमेरिकेच्या ब्रायसन डीशॅम्बोने १६ जूनला यूएस ओपन जिंकली आणि दुसऱ्याच दिवशी, म्हणजे ऑलिंपिकची मुदत संपताना, तो जगात दहाव्या क्रमांकावर पोहोचला. तरीही त्याला जागा मिळाली नाही, कारण अमेरिकेच्या चारही जागा त्याच्यापुढच्या खेळाडूंनी भरल्या होत्या. त्याच यादीतून क्रमवारीत दोनशेच्या पलीकडे असलेले भारताचे शुभंकर शर्मा आणि गगनजीत भुल्लर पात्र ठरले. काही जण याला अन्याय म्हणतात. मला तसे वाटत नाही, कारण ही स्पर्धा देशांची आहे आणि हा नियम नसता तर साठापैकी बहुतेक जागा मोजक्या देशांनीच घेतल्या असत्या.

साठावी जागा भरली तरी यादी बाजूला ठेवू नये. माघार घेणाऱ्यांच्या जागी राखीव यादीतला पुढचा पात्र खेळाडू येतो. टोकिओच्या वेळी अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतल्यावर पुण्याच्या उदयन मानेला जागा मिळाली, आणि महिलांमध्ये दीक्षा डागरही अशाच रिकाम्या झालेल्या जागेवर गेली. म्हणून साठाच्या खालच्या नावांवरही स्पर्धा सुरू होईपर्यंत लक्ष ठेवावे.

कर्णधाराच्या पसंतीचा भाग सर्वांत रंजक आहे आणि सर्वांत जास्त वाद त्यावरच होतात. १९२७ मध्ये सुरू झालेल्या रायडर कपमध्ये अमेरिका आणि युरोप यांचे १२-१२ खेळाडू असतात. २०२५ मध्ये दोन्ही संघांत पहिले सहा गुणांच्या यादीतून आले आणि सहा कर्णधारांनी निवडले. अमेरिकेची यादी मुख्यतः स्पर्धांतील बक्षिसाच्या रकमेवरून होते आणि मेजर, म्हणजे वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांना त्यात अधिक वजन असते. महिलांच्या सोल्हाइम कपमध्ये २०२४ साली अमेरिकेने गुणांच्या यादीतून सात, जागतिक क्रमवारीतून दोन आणि पसंतीने तीन खेळाडू घेतल्या, तर युरोपने अनुक्रमे दोन, सहा आणि चार. प्रमाण प्रत्येक वेळी बदलू शकते, म्हणून त्या वर्षीचेच निकष पाहावेत.

कर्णधार निवडताना काय पाहतो, हे समजण्यासाठी सामन्यांचे स्वरूप माहीत असावे. रायडर कपमधील २८ गुणांपैकी आठ गुण फोरसम्सचे असतात, ज्यात जोडीतील दोघे एकच चेंडू आळीपाळीने मारतात. आठ फोरबॉलचे असतात, ज्यात दोघे आपापला चेंडू खेळतात आणि त्या होलवर, म्हणजे मैदानाच्या त्या टप्प्यावर, ज्याचे फटके कमी, त्याचाच आकडा धरला जातो. उरलेले बारा एकेरीचे. फोरसम्समध्ये जोडीदाराला अडचणीत न टाकणारा, सरळ मारणारा खेळाडू लागतो, तर फोरबॉलमध्ये एखाद्या होलवर चुकला तरी पाच-सहा बर्डी मारणारा, म्हणजे तितक्या होलवर ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी घेणारा, चालतो. मैदानाची आखणी यजमान संघाच्या कलाने होते, हेही पाहावे लागते. २०१८ मध्ये पॅरिसजवळच्या ल गोल्फ नॅशनलवर फेअरवे, म्हणजे छाटलेल्या गवताचे पट्टे, अरुंद आणि बाजूचे गवत दाट होते. अमेरिकेचा कर्णधार जिम फ्युरिक याने टायगर वुड्स, फिल मिकेलसन, डीशॅम्बो आणि टोनी फिनाऊ यांना पसंतीने घेतले, आणि चौघांना मिळून केवळ २ गुण मिळाले. युरोपच्या पसंतीच्या चौघांनी, म्हणजे पॉल केसी, सर्जिओ गार्सिया, इयान पोल्टर आणि हेन्रिक स्टेन्सन यांनी, साडेनऊ गुण मिळवले. त्या वर्षी नावाच्या मोठेपणापेक्षा मैदानाला जुळणारा खेळ वरचढ ठरला, आणि पसंतीची यादी जाहीर झाली की आपणही आधी मैदान कसे आहे ते पाहावे.

भारतीय वाचकाला यादी आणि पसंती या दोन्ही दारांचे उदाहरण एकाच खेळाडूत मिळते. युरोपबाहेरील जगाचा संघ आणि अमेरिका यांच्यातील प्रेसिडेंट्स कपमध्ये अनिर्बन लाहिरी २०१५ साली क्रमवारीच्या जोरावर आला, आणि २०१७ साली कर्णधार निक प्राइस याने त्याला आपल्या दोन पसंतींपैकी एक म्हणून घेतले.

कर्णधाराचे काम निवडीवर संपत नाही. एकेरीच्या दिवशी कोणी जायबंदी झाला तर समोरच्या संघातून कोणी बाहेर बसायचे, त्याचे नाव प्रत्येक कर्णधाराने आधीच बंद लिफाफ्यात दिलेले असते आणि तो सामना बरोबरीचा धरला जातो. २०२५ मध्ये युरोपच्या व्हिक्टर होवलँडची मान दुखावली आणि अमेरिकेच्या हॅरिस इंग्लिशला याच नियमाने बसावे लागले. युरोपने तो कप १५-१३ असा जिंकला.

आपल्या भागातील मुलामुलींसाठी यांपैकी खरे जवळचे दार हौशी संघाचे आहे. १९५८ पासून होणाऱ्या आयझेनहॉवर ट्रॉफीसाठी आणि महिलांच्या एस्पिरितो सांतो ट्रॉफीसाठी प्रत्येक देश तीन खेळाडूंचा संघ पाठवतो आणि रोज तिघांपैकी कमी फटके घेतलेल्या दोघांचे आकडे धरले जातात. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या संघात चार जण होते आणि तिघांचे आकडे धरले गेले. एक आकडा सोडून देता येत असल्याने तीन भरवशाच्या खेळाडूंच्या जोडीला एखादा धाडसी खेळाडू घेता येतो. १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत लक्ष्मण सिंग यांच्यासह भारतीय हौशी खेळाडूंनी सांघिक सुवर्णपदक मिळवले, आणि लक्ष्मण सिंग यांनी वैयक्तिक सुवर्णही जिंकले.

या वाटेवर पहिले पाऊल हँडिकॅपचे, म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्याचे आहे. जागतिक हँडिकॅप पद्धतीत किमान ५४ होलचे आकडे दिल्यावर पहिला हँडिकॅप मिळतो आणि पुढे शेवटच्या २० आकड्यांपैकी सर्वोत्तम आठांवरून तो ठरत राहतो. हे आकडे अधिकृत मैदानावरचेच लागतात, आणि येरवड्याचा पूना क्लबचा अठरा होलचा कोर्स साताऱ्याहून सुमारे ११० तर सांगलीहून सुमारे २३० किलोमीटर दूर असल्याने शालेय वर्षाचे वेळापत्रक त्याच हिशेबाने आखावे. त्यानंतर इंडियन गोल्फ युनियन या आपल्या देशाच्या संघटनेच्या विभागीय आणि राष्ट्रीय कनिष्ठ स्पर्धा खेळाव्यात, युनियनच्या ऑर्डर ऑफ मेरिटमध्ये, म्हणजे गुणानुक्रमाच्या यादीत, मुलाचे किंवा मुलीचे स्थान दर स्पर्धेनंतर पाहावे, आणि जागतिक हौशी क्रमवारीत मोजल्या जाणाऱ्या स्पर्धा कोणत्या याची नोंद ठेवावी. ज्या स्पर्धेसाठी संघ जायचा आहे तिचे निकष आणि मुदतीची तारीख युनियनच्या सूचनेतून लिहून घ्यावी, कारण मुदतीनंतरचा विजय कितीही मोठा असला तरी त्या संघासाठी उपयोगी पडत नाही.

व्यावसायिक होण्याचा निर्णय घाईने घेऊ नये. २०२२ पासूनच्या नियमांनुसार हौशी खेळाडूला १००० डॉलरपर्यंतचे बक्षीस घेता येते. त्याहून मोठी बक्षिसाची रक्कम स्वीकारली की हौशी दर्जा जातो, आणि आयझेनहॉवर किंवा एस्पिरितो सांतो ट्रॉफीच्या संघाचे दारही बंद होते. हौशी दर्जा परत मिळवण्यासाठी अर्ज करता येतो, परंतु तोवर एखाद्या संघाची निवड होऊन गेलेली असू शकते. म्हणून मोठ्या बक्षिसाच्या स्पर्धेचा अर्ज भरण्याआधी त्या वर्षीच्या हौशी संघाची निवड कधी आहे, ते तपासून घ्यावे.