जँगोमध्ये विनंती वाटेतच कशी थांबवावी

सोलापुरातील एखाद्या चादरविक्रेत्याच्या जँगोत (पायथॉन भाषेत संकेतस्थळे बांधण्याच्या चौकटीत) बनवलेल्या घाऊक मागणीच्या संकेतस्थळावर, जानेवारीतील गड्डा यात्रेच्या गर्दीत साठ्याची मोजणी संपेपर्यंत नवी मागणी थांबवायची असेल, तर ती तपासणी प्रत्येक व्ह्यूमध्ये (पानाचा प्रतिसाद तयार करणाऱ्या कोडमध्ये) न लिहिता एका मिडलवेअरमध्ये, म्हणजे ब्राउझरकडून आलेली विनंती आणि व्ह्यू यांच्या मधल्या थरात, लिहावी.

सर्व्हर सुरू होताना मिडलवेअरला विनंती पुढच्या थराकडे नेणारे ‘गेट रिस्पॉन्स’ (get_response) हे फंक्शन मिळते. प्रत्येक विनंतीच्या वेळी या फंक्शनला बोलावण्यापूर्वीचा कोड व्ह्यूच्या आधी आणि नंतरचा कोड व्ह्यूनंतर चालतो. त्याला न बोलावताच ५०३ स्थितीचा (‘सेवा सध्या उपलब्ध नाही’ असा) प्रतिसाद परत केला, की विनंती तिथूनच मागे वळते आणि आतील थरांना तिचा पत्ताही लागत नाही. बाहेरच्या थरांतून मात्र तो प्रतिसाद जातोच.

खरी मेख क्रमात आहे. सेटिंग्जमधील मिडलवेअरच्या यादीतून विनंती वरून खाली जाते, तर प्रतिसाद खालून वर येतो. त्यामुळे मालकाला आत सोडून इतरांना अडवायचे असल्यास आपले मिडलवेअर सेशन (भेटीची माहिती जपणारे) आणि ऑथेंटिकेशन (वापरकर्ता ओळखणारे) या मिडलवेअरच्या खाली ठेवावे, अन्यथा विनंतीला वापरकर्ता जोडलेलाच नसतो. लॉगिनचे पान अर्थातच मोकळे सोडावे, नाहीतर मालकच दाराबाहेर राहील. विनंती कोणत्या व्ह्यूकडे निघाली आहे हे पाहून ठरवायचे असल्यास मिडलवेअरमध्ये ‘प्रोसेस व्ह्यू’ (process_view) ही मेथड लिहावी. तिने ‘नन’ (None, म्हणजे काहीच नाही) परत केल्यास प्रक्रिया पुढे सरकते.