फेकीत जोर कमी आहे? मग हलका ड्रायव्हर घ्या

डिस्क गोल्फ (चकती फेकून टोपलीत पाडायचा खेळ) नव्यानं खेळणारा बहुतेकदा १२-१३ वेगाचा (डिस्कवरचा पहिला आकडा), १७५ ग्रॅमचा ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीची डिस्क, उचलतो. घोळ तिथंच होतो. हाताला तेवढा झटका नसेल तर डिस्क थोडी पुढं जाते अन् डावीकडं वळून धपकन पडते (उजव्या हातानं बॅकहँड टाकणाऱ्याची, डावखुऱ्याची उलट). दोष तुमच्या दंडाचा नाही, निवडीचा आहे.

फेक ६०-७० मीटरच्या आत असेल तर ७ ते ९ वेगाचा, १५० ते १६० ग्रॅमचा ड्रायव्हर घ्या. डिस्कवरच्या चार आकड्यांतला तिसरा, म्हणजे टर्न (सुरुवातीला डिस्क उजवीकडं किती झुकते ते), उणे २ किंवा उणे ३ असावा. वजन बहुधा खालच्या बाजूला लिहिलेलं असतं, उलटून बघाच.

आमच्या परभणीकडं ज्वारी निघाली की रान मोकळं होतं, सरावाला याहून चांगली जागा नाही. पण वारा जपा. चिमूटभर माती हवेत सोडून बघा. पाठीमागून वारा असेल तर हलकी डिस्क मस्त तरंगत जाते. समोरून असेल तर तीच उजवीकडं उलटते; त्या दिवशी १७० ग्रॅमच्या आसपासची, कमी टर्नची (० किंवा उणे १) डिस्क काढा.