पद्मिनीचे पार्ट : कुठे पावडर, कुठे रंग

बाबांची प्रीमियर पद्मिनी मोटार खोलली, तेव्हा अक्कलकोट रोड एमआयडीसीतला कोटिंगवाला "सगळंच पावडरला टाका, साहेब" म्हणून मागे लागला. मी नाही टाकलं. पावडर म्हणजे रंगाची कोरडी भुकटी. ती पार्टवर फवारली की भट्टीत साधारण १८०-२०० अंशांवर शिजते. रबरी बुश, ऑइल सील आधी काढावेच लागतात आणि नेहमीची पुट्टी भरलेला पत्रा त्या उष्णतेत टिकत नाही. म्हणून बॉनेट, मडगार्ड, दारं रंगालाच. शिवाय गल्लीत रिक्षा घासली की रंगाचा टचअप जुळतो. पावडरला तसा बेमालूम जोड लागत नाही.

व्हील रिम, बॅटरी ट्रे आणि पुढचे विशबोन (पुढची चाकं धरणारे सस्पेन्शनचे आर्म) मात्र ब्लास्टिंग करून, म्हणजे जोरात कण मारून गंज आणि जुना रंग काढून, पावडरला दिले. बोल्टचे आटे, रिमची हबवर टेकणारी बाजू आणि नट बसतात त्या जागा उष्णता सोसणाऱ्या टेपने झाकून घेतल्या. हे काम समोर उभं राहूनच करून घ्यावं, पोरं घाईत सोडून देतात. थर ६०-८० मायक्रॉनचा असतो. त्यावर नट आवळला की थर दबतो आणि नट ढिला पडतो. चाकाच्या बाबतीत हे परवडणारं नाही.

मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना साधा चॅसिस ब्लॅक, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला लावतात तो काळा रंग. पाटे एकमेकांवर घासतात, तिथे पावडर सुटते आणि खाली पाणी धरून गंज चढतो.