सुट्टीत काम मिळत नाही? आधी दुकानदाराचं गणित समजून घ्या

साताऱ्यात माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. दरवर्षी दहावीची परीक्षा संपली की पोरं यायला लागतात, "काका, काही काम आहे का?" एवढंच विचारतात, मी नाही म्हणतो, मग शेजारच्या दुकानात जातात, तिथेही नाही, आणि घरी जाऊन सांगतात की कोणी कामच देत नाही. बरोबर आहे त्यांचं, देत नाहीत. पण का देत नाहीत हे कळलं तर कुठे आणि कसं मागायचं ते आपोआप कळेल, म्हणून गल्ल्याच्या या बाजूने लिहितोय.

दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात, म्हणजे कागदावर तीन महिने. पण त्यात एप्रिलपासून कुणाचा नीट-जेईईचा फाउंडेशन बॅच, कुणाच्या मावशीकडे लग्न, मग आठ दिवस मामाच्या गावाला, आणि निकाल लागला की अकरावीच्या ॲडमिशनची धावपळ. नव्या पोराला दुरेघी कुठे, चाररेघी कुठे, कुठल्या शाळेला लाँगबुक लागते हे शिकवण्यात माझे दोन आठवडे जातात, आणि तो जरा हाताशी आला की म्हणतो काका उद्यापासून येणार नाही. मग मी बारा महिने टिकणारा माणूस बघतो, यात माझं काय चुकलं?

दुसरी गोष्ट कायद्याची, आणि इथे दुकानदारांचाच जास्त गोंधळ आहे. बऱ्याच जणांना वाटतं १८ च्या आतलं कोणी कामाला ठेवलं की सरळ केस. तसं नाहीये. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली बदल झाला, त्याप्रमाणे १४ वर्षांखालच्या मुलाला बाहेर कामाला ठेवता येत नाही (घरच्या दुकानात शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत हातभार लावला तर चालतं, धोक्याचं काम नको), आणि १४ ते १८ वयाच्यांना धोकादायक कामं सोडून बाकी कामं करता येतात. फक्त वेळेची बंधनं आहेत. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही, सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, मग किमान तासाभराची सुट्टी, आणि ती सुट्टी धरून दिवसाचे एकूण ६ तास. ओव्हरटाइम नाही, आठवड्याला एक दिवस सुट्टी, आणि मालकाने वय आणि वेळेची नोंद रजिस्टरमध्ये ठेवायची.

आता गंमत बघा, कपड्याचं दुकान, कॅफे, पावभाजीची गाडी, आइस्क्रीम पार्लर, या सगळ्यांचा धंदा सुरू होतो संध्याकाळी ७ ला. मे महिन्यात तर दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. म्हणजे ज्या वेळेला त्यांना माणूस पाहिजे नेमकं त्याच वेळेला तुम्ही चालत नाही. लग्नाच्या केटरिंगचंही तेच, रात्री ११ पर्यंत ताटं उचलायला पोरं नेतात, पण १८ च्या आतल्यांना नेणं कायद्यात बसत नाही, आणि पैसे बुडाले तर भांडायला तुमच्याकडे कागद नसतो.

डिलिव्हरीच्या ॲपवर वय १८ लागतंच. "पप्पांची ॲक्टिव्हा घेऊन किराणा दुकानाची पार्सलं पोचवतो" असं म्हणणाऱ्यांना सांगतो, नका करू. १६ व्या वर्षी मिळणारं लायसन्स ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं असतं आणि ॲक्टिव्हा त्यात बसत नाही. पकडलं तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार दंड, ३ वर्षांपर्यंत कैद, आणि तुम्हाला वयाच्या २५ पर्यंत लायसन्स नाही. सायकलवर करा, खुशाल करा.

मग काम आहे कुठे? जिथे गर्दी दिवसा असते आणि गर्दीचा सीझनच चार-सहा आठवड्यांचा असतो तिथे. तिथे तुमचं "दोनच महिने आहे" हे रडगाणं राहत नाही, उलट मालकालाही तेवढाच माणूस हवा असतो. माझंच दुकान घ्या, मेच्या शेवटच्या आठवड्यापासून शाळेच्या यादीप्रमाणे सेट लावायचे, गठ्ठे फोडायचे, कव्हरं घालायची, हे सगळं काउंटरच्या मागचं काम, सकाळी १० ते १ आणि २ ते ४ आरामात होतं आणि कायद्यातही बसतं. युनिफॉर्मवाल्यांकडे साइझप्रमाणे गठ्ठे लावणं असतं. आंब्याच्या स्टॉलवर पेट्या उघडून पिकलेला आणि कच्चा माल वेगळा करायला एप्रिल-मेमध्ये माणूस लागतो. झेरॉक्स-डीटीपीवाल्यांकडे अकरावीचे ऑनलाइन फॉर्म, दाखले स्कॅन करणं, फोटोची साइझ कमी करणं याला जूनमध्ये अक्षरशः रांगा असतात, आता तर अकरावीची ॲडमिशन अख्ख्या राज्यात ऑनलाइन झालीये, आणि हे काम तुम्हाला त्या दुकानदारापेक्षा जास्त येतं. समर कॅम्पला लहान पोरं सांभाळायला मदतनीस लागतात. आणि कोणाच्या हाताखाली नकोच असेल तर सोसायटीतल्या तिसरी-चौथीच्या पोरांचे पाढे आणि शुद्धलेखन घ्या, आया खूश होतात, माझ्या मते पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांसाठी पैशाच्या हिशोबाने यापेक्षा बरं काम नाही.

विचारायला मेमध्ये येऊ नका, तोपर्यंत आमची माणसं ठरलेली असतात. परीक्षा झाली की लगेच, दुपारी ३-४ च्या सुमारास या, तेव्हा दुकान रिकामं असतं. चौघांचं टोळकं नको, एकटे या. आणि "काही काम आहे का" विचारू नका, कारण त्याचं सगळ्यात सोपं उत्तर "नाही" हेच आहे. असं काहीतरी बोला: "काका, मी सोळा वर्षांचा आहे, इथेच मागच्या गल्लीत राहतो. तुमच्याकडे जूनमध्ये गर्दी असते ते मी बघितलंय. २० मे ते १५ जून मी रोज १० ते ४ येऊ शकतो, आठवड्याची सुट्टी सोडून एकही खाडा करणार नाही. सेट लावायला, कव्हर घालायला ठेवाल का?" यात तारखा आहेत, वेळ आहे, काम काय ते आहे, मला विचार करायला काही उरलंच नाही. अर्थात लग्न, गावची जत्रा, क्लास हे आधीच घरी विचारून मग तारखा द्या, नाहीतर पुढच्या पोराचं तोंड बघायच्या आधीच मी नाही म्हणेन.

आईवडिलांना कामाचं विचारायला पाठवू नका, पण काम ठरलं की पहिल्या दिवशी कोणीतरी एक जण येऊन भेटून जाऊ दे. आम्हाला भीती असते की उद्या वडील येऊन "आमच्या पोराला हमाली लावली" म्हणून भांडतील. आधार कार्डाची झेरॉक्स आणा, वय कळतं आणि रजिस्टरला लागतं. मुलींनी, आणि खरंतर सगळ्यांनीच, टॉयलेट कुठे आहे हे आधी विचारावं, बाजारपेठेतल्या कित्येक दुकानात ते नसतं, लाजू नका.

पैशाचं पहिल्याच दिवशी बोला. दिवसाचे किती, आठवड्याला मिळणार की महिन्याने, जेवण धरून की सोडून. "आधी काम बघू मग ठरवू" म्हणणारा माणूस शेवटी हातावर शंभर रुपये आणि एक पेन ठेवतो. आठवड्याला मागा, आणि रोजची वेळ वहीत लिहून त्याची सही घ्या. बँक खातं १० वर्षांपुढच्या मुलांच्या नावावर निघतं, त्यात पैसे घ्या. पण ते खातं वापरायला दुसऱ्या कोणालाही देऊ नका, "तुझ्या खात्यात पैसे येतील, पुढे पाठव, कमिशन घे" हे काम नाही, गुन्हा आहे. तसंच रजिस्ट्रेशन फी मागणारं डेटा एन्ट्रीचं काम, टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करायचे टास्क, सगळी फसवणूक. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. आणि कोणी मारलं, कोंडून ठेवलं, जबरदस्ती केली तर १०९८, ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

काम संपताना मालकाचा नंबर घ्या आणि दिवाळीच्या सुट्टीत येऊ का विचारून ठेवा, कपडे, मिठाई, आकाशकंदील, सगळीकडे दिवसा पॅकिंगला माणसं लागतात, आणि आधी काम केलेल्या पोराला दुकानदार स्वतःहून फोन करतो. फटाक्यांच्या स्टॉलवाल्याने बोलावलं तर मात्र नाही सांगा, फटाके बनवणं, साठवणं, विकणं हे तिन्ही धोकादायक कामांच्या यादीत येतं, १८ पर्यंत तिथे उभं राहायचं नाही.